तालुक्याच्या गावातला गुरुवारचा दवाखाना: जुनाट कंबरदुखीवरच्या उपचाराचा पाच महिन्यांचा अनुभव

यवतमाळ जिल्ह्यातल्या आमच्या तालुक्याच्या गावी बसस्थानकामागच्या गल्लीत जनरल प्रॅक्टिस करणाऱ्या एका डॉक्टरांचा जुना दवाखाना आहे. सर्दी-ताप, बीपी, शुगर, लहान मुलांची हगवण हे सगळे तिथे रोजच चालते. पण गेल्या दीड वर्षापासून दर गुरुवारी दुपारी दोन ते सहा ही वेळ त्यांनी कंबर, मान, खांदे आणि गुडघ्यांच्या तीन महिन्यांहून जुन्या दुखण्यांसाठी राखून ठेवली आहे. तीन महिन्यांची ही मर्यादा त्यांच्या मनाची नाही. त्यापुढे टिकणाऱ्या किंवा पुन्हापुन्हा उलटणाऱ्या वेदनेला वैद्यकशास्त्र जुनाट वेदना म्हणते, आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ पासून लागू झालेल्या रोगवर्गीकरणात तिला स्वतंत्र जागा मिळाली आहे. माझ्या ६१ वर्षांच्या आईला घेऊन मी सप्टेंबर ते जानेवारी या काळात तिथे सहा वेळा गेलो.

आईची कंबर चार वर्षांपासून दुखते आणि अलीकडे उजवा गुडघाही धरतो. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत नोकरीला असूनही ती आपल्या बायकांच्या टोळीबरोबर निंदण आणि कापूस वेचणी सोडत नाही, हा आमच्या घरातला जुना वाद आहे. या दवाखान्याआधी आम्ही एका मोठ्या गावातल्या खासगी रुग्णालयात जाऊन आलो होतो. तिथे पहिल्याच दिवशी एमआरआय झाला, आठवडाभर कमरेला वजने (ट्रॅक्शन) लावून ठेवली गेली, पट्टा विकत घ्यावा लागला आणि दर पंधरा दिवसांनी एक सुई. त्या सुईने आईला चार दिवस इतके बरे वाटायचे की ती पाचव्या दिवसाचे कामही त्या चार दिवसांत उरकून टाकायची. सुईत काय होते ते कागदावर कुठेही लिहिलेले नव्हते आणि मी विचारलेही नाही; तो दोष माझा.

गुरुवारच्या दवाखान्यात पहिल्या भेटीला चाळीस मिनिटे मिळाली. आमच्या भागात डॉक्टरसमोर चाळीस मिनिटे बसायला मिळणे म्हणजे काय, हे ज्यांनी सरकारी आणि खासगी दोन्हीकडच्या रांगा पाहिल्या आहेत त्यांना सांगायला नको. मी मोठ्या विश्वासाने एमआरआयचा लिफाफा पुढे केला, तर डॉक्टरांनी तो न उघडता टेबलाच्या कडेला ठेवला आणि आधी आईला विचारायला सुरुवात केली. वजन घटले का, रात्री ताप येतो का, झोपेतून जाग येईल इतके दुखते का, घरात कोणाला क्षय झाला होता का, लघवीवरचा ताबा सुटतो का, बसण्याच्या जागी बधिरपणा येतो का. मणक्याचा क्षय, गाठ किंवा दाबली गेलेली नस यांची शंका असेल तर वाट वेगळी आणि घाईची असते, म्हणून हे प्रश्न आधी. आईची सगळी उत्तरे नकारार्थी आली. तिला चालवून, वाकवून, पाय उचलायला लावून तपासल्यावर मग लिफाफा उघडला गेला.

अहवालात लिहिलेल्या ‘चकतीची झीज’, म्हणजे दोन मणक्यांमधल्या गादीची झीज, या शब्दांनी आमच्या घरात वर्षभर धाक घातला होता. डॉक्टरांनी सांगितले ते मी घरी येऊन पडताळून पाहिले. ज्यांना अजिबात पाठदुखी नाही अशा तीन हजारांहून अधिक लोकांच्या चित्रणांचा एकत्र अभ्यास २०१५ साली प्रसिद्ध झाला आहे. त्यात विशीतल्या ३७ टक्के आणि ऐंशीच्या वयातल्या ९६ टक्के लोकांच्या चकत्या झिजलेल्या दिसल्या, पन्नाशीत हे प्रमाण ८० टक्के होते. म्हणजे आईच्या वयाच्या, कंबर न दुखणाऱ्या शेजारणीचा एमआरआय काढला असता तरी बहुधा तेच शब्द उमटले असते. त्या एका वाक्याने आईचा चेहरा जितका सैल झाला तितका कोणत्याही गोळीने झाला नव्हता, आणि माझ्या मते या दवाखान्याच्या दोनशे रुपये फीचा निम्मा मोबदला तिथेच वसूल झाला.

यानंतर नर्सताईंनी मराठीत छापलेले नऊ प्रश्न वाचून दाखवले: दुखणे पायात उतरते का, कपडे घालायला वेळ लागतो का, हालचाल करणे धोक्याचे वाटते का, आता हे कधीच बरे होणार नाही असे मनात येते का, असे. ही प्रश्नावली इंग्लंडमधल्या कील विद्यापीठाची आहे. तिच्या गुणांवरून रुग्णांचे तीन गट पाडून कोणाला नुसता सल्ला, कोणाला व्यायाम आणि कोणाला मनाच्या भीतीवरही काम असे उपचार दिले तर नेहमीच्या पद्धतीपेक्षा फायदा होतो, असे ८५१ रुग्णांवरच्या २०११ सालच्या चाचणीत दिसले होते. डॉक्टरांचा या कागदावर जरा जास्तच लोभ आहे असे मला वाटले. अमेरिकेत हाच प्रयोग केला तेव्हा फरक पडला नाही, आणि मान-खांदा-गुडघ्यांपर्यंत ही पद्धत वाढवून इंग्लंडमध्येच केलेल्या २०२२ सालच्या चाचणीतही एकूण वेदनेत विशेष घट आढळली नाही. मी तसे विचारले तेव्हा त्यांनी ते मान्य केले आणि म्हणाले, “सर, गुण मी फार धरत नाही, पण हे नऊ प्रश्न विचारले नाहीत तर बाई मला फक्त कंबर सांगते, भीती सांगत नाही.” आईच्या बाबतीत ते खरे ठरले. वाकले की मणका मोडेल, असे तिला कोणीतरी सांगितले होते, आणि ती वर्षभर ते मनात धरून वाकत होती.

आईने अर्थातच विचारले, “डॉक्टरसाहेब, सुई नाही देत काय?” डॉक्टरांनी नाही म्हटले, पण हाकलले नाही. बीपीच्या रुग्णाला दुखण्याच्या गोळ्या सतत चालू राहिल्या तर पोट आणि किडनी दोन्हींवर ताण येतो, म्हणून फार दुखेल त्या दिवसांपुरती एक साधी गोळी, तीही जेवणानंतर, इतकेच त्यांनी लिहून दिले. पट्टा हळूहळू सोडायला सांगितला आणि वजने पुन्हा लावून घेऊ नका असे बजावले. जागतिक आरोग्य संघटनेने प्राथमिक आरोग्यसेवेतल्या जुनाट कंबरदुखीसाठी डिसेंबर २०२३ मध्ये जी मार्गदर्शक तत्त्वे काढली, त्यांतही पट्टे, वजने आणि अफूजन्य औषधे टाळण्याची शिफारस असून माहिती, व्यायाम आणि मनाला आधार यांवर भर आहे. मोठ्या रुग्णालयात आम्ही ज्या दोन गोष्टींचे पैसे मोजले, त्या नेमक्या नको असलेल्या यादीत निघाल्या.

मला सर्वांत आवडलेली गोष्ट दुसऱ्या भेटीत घडली. वेचणी सुरू झाली होती. डॉक्टरांनी तपासणीच्या खाटेवरची चादर काढून आईच्या हातात दिली आणि वेचलेला कापूस टाकायची ओटी कशी बांधता ते दाखवा म्हणाले. आई लाजली, पण तिने चादरीची टोके कमरेमागे गाठ मारून ओटी बांधली. डॉक्टरांनी तीत जुन्या फायली आणि सलाइनच्या भरलेल्या बाटल्या टाकत टाकत ‘एवढी होते का, अजून होते का’ असे विचारले. आई थांबा म्हणाली तेव्हा त्यांनी तो ऐवज काट्यावर ठेवला, तो नऊ किलो भरला. ओटीचा भार पुढे, अंग वाकलेले, बोंडे गुडघ्याच्या उंचीवर आणि हात लांबवलेले, असे रोजचे सहा-सात तास. “मावशी, चार किलोला ओटी रिकामी करायची,” असे त्यांनी सांगितले. आईने लगेच हिशेब मांडला: वेचणीची मजुरी किलोवर मिळते, धुऱ्यावरच्या (बांधावरच्या) पोत्यापर्यंत दुप्पट फेऱ्या झाल्या तर दिवसाचे आठ-दहा किलो कमी भरतात. डॉक्टरांकडे याचे उत्तर नव्हते आणि त्यांनी आव आणला नाही. शेवटी आईनेच मार्ग काढला. टोळीतल्या दोघींनी मिळून पोते धुऱ्यावर न ठेवता तासाच्या, म्हणजे कपाशीच्या ओळीच्या, मध्ये ठेवायचे आणि पुढे सरकवत न्यायचे. हा उपाय पुढच्या गुरुवारी डॉक्टरांनी दुसऱ्या एका रुग्णाला सांगितलेला मी स्वतः ऐकला.

चालण्याच्या सल्ल्यावर मात्र गंमत झाली. रोज अर्धा तास चाला म्हटल्यावर आई म्हणाली, “वावरात दिवसभर चालतोच न आम्ही, आता अजून कुठं चालू?” बाहेर बसलेल्या बायकाही हसल्या. ऑस्ट्रेलियात कंबरदुखीतून नुकत्याच सुटलेल्या ७०१ जणांना टप्प्याटप्प्याने चालण्याचा कार्यक्रम दिला, तेव्हा दुखणे उलटण्याचा मधला काळ ११२ दिवसांवरून २०८ दिवसांवर गेला, असे २०२४ साली प्रसिद्ध झाले आहे. पण ती माणसे दिवसभर वाकून काम करणारी नव्हती, आणि आईचे दुखणे तर सुटलेलेच नाही. सरळ उभे राहून, हात मोकळे सोडून चालणे आणि ओटी बांधून तासातून सरकणे यांतला फरक डॉक्टरांनी समजावला खरा. तरी आई संध्याकाळी चालते ती केवळ भजनाला जाण्याच्या निमित्ताने. तेही चालेल, असे त्यांनी वहीत लिहिले.

आता उणिवा. दुखऱ्या कमरेच्या माणसांसाठी राखलेल्या दुपारी बाहेरची बाके पाठ नसलेली आहेत, आणि नंबर लागेपर्यंत दीड-दोन तास त्यांवर काढावे लागतात. व्यायामाचा छापील कागद बारीक अक्षरांत आणि पुस्तकी भाषेत आहे. ‘श्रोणिभागाचे तिरकस उन्नयन’ हे वाचून माझ्यासारख्या विज्ञानाच्या शिक्षकालाही चित्र पाहावे लागले. फिजिओथेरपिस्ट ताई महिन्यातून दोनच शनिवार येतात, त्यामुळे गुडघ्याचा व्यायाम चुकत होता हे आम्हाला सहा आठवड्यांनी कळले. गुडघ्याच्या बाबतीत एकूणच कमरेइतका फरक पडलेला नाही. मधल्या काळात दवाखान्यातून एकही फोन आला नाही. ज्या उपचाराचा सगळा भार रुग्णाच्या रोजच्या सवयीवर आहे, त्यात ही उणीव मला लहान वाटत नाही.

पुण्याजवळच्या भिगवणला १९९६ साली सांधे-स्नायूंच्या दुखण्यांची गावपातळीवर मोजणी सुरू झाली. २०२१ साली गडचिरोलीच्या सर्च संस्थेचे डॉ. अभय बंग, मणक्याचे शल्यचिकित्सक डॉ. शेखर भोजराज आणि सहकाऱ्यांनी पाठदुखी हा खेड्यांतला सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न आहे आणि तो अजून उत्तराची वाट पाहतो आहे, अशी मांडणी केली. ही मांडणी वाचल्यावर मला या दवाखान्याची किंमत अधिक कळली, कारण आमच्याकडे बाई कंबर धरून पहिल्यांदा जाते ती जनरल डॉक्टरकडेच. सेवाग्राम किंवा नागपूर फार पुढची गोष्ट.

पाच महिन्यांनंतर आईची कंबर दुखायची थांबलेली नाही. सुई बंद आहे, पट्टा कपाटात आहे, गोळी आठवड्यातून एखादी लागते, आणि पहाटे उठताना भिंत धरावी लागत नाही. पाच पैकी चार गुण मी देतो, एक बाकांसाठी आणि न आलेल्या फोनसाठी राखून. पुढची तारीख फेब्रुवारीत दिली होती. आईने हरभऱ्याची सोंगणी असल्याचे सांगितल्यावर डॉक्टरांनी वहीत ती खोडली, सोंगणीत बसून काम करताना गुडघ्याखाली दुमडलेले पोते घ्यायला सांगितले आणि मार्चमधला दुसरा गुरुवार लिहिला.