दोन खोल्यांतली पावसाळ्याची बेगमी: मार्च ते डिसेंबर २०२५ वापरून काय टिकलं, काय माळ्यावर गेलं

आम्ही कुर्ला पूर्वेला नेहरूनगरात राहतो. म्हाडाची जुनी इमारत, दुसरा मजला, माणसं चार: मी, नवरा, दहावीतली मुलगी आणि सासूबाई. आईंना (सासूबाईंना मी आईच म्हणते) इन्शुलिन चालू आहे, त्यामुळे लाइट गेली की आमच्याकडे नुसता उकाड्याचा प्रश्न नसतो. पाडव्याच्या आधी अडीअडचणीला म्हणून आम्ही बऱ्याच वस्तू एकदम घेतल्या. त्यावर एक अख्खा, लांबलेला पावसाळा गेला. आता त्यांच्याबद्दल लिहायला हरकत नाही.

माझं मत आधीच सांगून टाकते. ज्या वस्तू रोजच्या वापरात शिरल्या, त्याच वेळेला चालल्या. 'वेळ आली की काढू' म्हणून ठेवलेल्यांपैकी बहुतेक वेळ आली तेव्हा सापडल्या नाहीत, नाहीतर बंद निघाल्या. मुंबईत जागेचा भाव बघता वर्षातून एकदा लागणारी वस्तू घरात ठेवणं हा श्रीमंती शौक आहे.

सगळ्यात फुकट गेली ती ऑनलाइन मागवलेली तयार 'इमर्जन्सी बॅग'. तिच्यात हाताने फिरवायचा टॉर्च, शिट्टी, होकायंत्र आणि चंदेरी कागदासारखं ब्लँकेट होतं. ते ब्लँकेट अंगाची ऊब धरून ठेवतं म्हणे. कुर्ल्यात जून महिन्यात लाइट गेल्यावर माणसाला ऊब कमी पडत नाही. होकायंत्राचंही तेच, पाणी कुठल्या बाजूने येणार हे इथल्या शाळकरी पोरांनाही पाठ आहे. बॅग भाच्याला ट्रेकसाठी देऊन टाकली. शिट्टी तेवढी आईंच्या उशाशी ठेवली आहे आणि ती खरंच उपयोगी आहे, रात्री हाक मारण्यापेक्षा बरी.

आता विजेचं. मुंबईत लाइट जात नाही, असं आपण गावाकडच्यांना ऐटीत सांगतो, आणि ते बरंचसं खरंही आहे. १२ ऑक्टोबर २०२०ला सकाळी दहाच्या सुमारास अख्खी मुंबई बंद पडली होती, ती आठवण म्हणूनच एवढी ठळक आहे. आमच्याकडचा प्रकार वेगळा. पाणी भरलं की तळमजल्यावरची मीटरची खोली आणि रस्त्यावरचं सबस्टेशन धोक्यात येतं, मग खबरदारी म्हणून पुरवठा बंद करतात. ते योग्यच आहे. पण पाणी उतरून, सगळं तपासून लाइट परत यायला तास जातात.

दुकानदार मोठा इन्व्हर्टर आणि १५० अँपिअर-अवरची ट्युब्युलर बॅटरी गळ्यात मारत होता. हिशेब करून बघा: १२ व्होल्ट गुणिले १५० म्हणजे कागदावर १८०० वॉट-अवर (एक वॉट तासभर चालला की एक वॉट-अवर). बॅटरी पूर्ण रिकामी करायची नसते, इन्व्हर्टर स्वतः थोडं खातो, तरी हजार-अकराशे हाती राहतात. वाईट नाही. पण बॅटरीचं वजन पन्नास किलोच्या वर, तिच्यात वेळोवेळी डिस्टिल्ड वॉटर घालायचं, आणि चार्ज होताना वायू सुटतो म्हणून हवा खेळती लागते. आमच्या गॅलरीत वॉशिंग मशीन आहे, कपड्यांची दोरी आहे आणि तुळस आहे. बॅटरी ठेवायची कुठे? शिवाय रोज भारनियमन असलेल्या गावात हीच बॅटरी उत्तम, इथे मात्र ती वर्षभर नुसती चार्जिंगला बसून म्हातारी होते.

म्हणून ३०० वॉट-अवरचं छोटं लिथियम पॉवर स्टेशन घेतलं, म्हणजे आत बॅटरी असलेली, थेट प्लग लावता येणारी पेटी. वीस हजारांच्या वर गेलं. घेताना दोनच गोष्टी पाहिल्या: लिथियम आयर्न फॉस्फेट सेल (जास्त टिकणारे आणि सुरक्षित) आणि प्युअर साइन वेव्ह (घरच्या विजेसारखाच सुरळीत प्रवाह). सोबत बीएलडीसी, म्हणजे कमी वीज खाणाऱ्या मोटरचा, टेबल फॅन घेतला. साधा सिलिंग फॅन ७०-८० वॉट खातो, हा तिसाच्या आसपास. ३० पंख्याचे, ९ बल्बचे, १० राउटरचे, म्हणजे जवळजवळ पन्नास वॉट. आतली तूट धरून पाच तास, आणि प्रत्यक्षातही साधारण तेवढेच मिळाले. फ्रिज, मिक्सर, इंडक्शन यांच्या वाटेला जायचं नाही. मी फ्रिज लावून पाहिला, कॉम्प्रेसरने पहिला झटका दिला आणि पेटी गप्प झाली. एरवी ती मुलीच्या टेबलाखाली असते, लॅपटॉप आणि टेबल लॅम्प तिच्यावरच चालतात, त्यामुळे चार्ज केलेली आहे का, हे विचारावंच लागत नाही. तक्रार एकच: चार्ज होताना आतला पंखा इतका भणभणतो की आई म्हणतात, 'पीठ दळतंय का गं कोणी?'

मोठी परीक्षा १९ ऑगस्टला झाली. आदल्या दिवसापासून पाऊस थांबायचं नाव घेत नव्हता. मिठी नदीची पातळी वाढली म्हणून काठावरच्या क्रांतीनगरच्या लोकांना हलवलं, हार्बर लाइन बंद, तिकडे मोनोरेल मधेच अडकली. आमची लाइट दुपारी गेली ती रात्रीच आली. पेटीने पंखा, बल्ब सांभाळले. राउटरही चालू होता, पण इंटरनेट नव्हतं, कारण केबलवाल्याची जिन्याखालची पेटी विजेवर चालते आणि तिला बॅकअप नाही. हे विकताना कोणी सांगत नाही. तुमच्याकडे राउटरसाठी वेगळा छोटा यूपीएस घ्यायचा विचार असेल तर आधी तुमच्या केबलवाल्याला विचारा.

चार्जिंगच्या एलईडी बल्बांबद्दल थोडं. लाइट गेली की आपोआप पेटतात, स्वस्त आहेत, असे तीन बल्ब खोल्यांत आणि संडासात मिळून लावले आहेत. पण घरातला मेन स्विच खाली केला की ते होल्डरमध्ये बहुतेकदा पेटत नाहीत, आणि पाणी भरल्यावर मेन बंद करणं हेच तर पहिलं काम असतं. तेव्हा बल्ब काढून हातात घ्यायचा, तळाच्या धातूला बोटं टेकवली की पेटतो. मुलीला ही जादू फार आवडते.

इन्शुलिनचं उत्तर मात्र वीज नाहीच. न उघडलेली पेनं फ्रिजमध्ये, चालू पेन बाहेर थंड जागी, हे डॉक्टरांनी सांगितलेलंच आहे. लाइट गेली की फ्रिजचं दार उघडायचं नाही. बंद फ्रिज चारेक तास गारवा धरतो. त्यापुढची वेळ आली तर रुंद तोंडाचा थर्मास आणि बर्फाची पिशवी, मधे टॉवेलची घडी. बर्फ पेनाला थेट लागता कामा नये, गोठलेलं इन्शुलिन फेकायचंच. थर्मास एरवी चहासाठी नाही, त्याच्यावर मी लाल पट्टी मारली आहे. सगळ्या खरेदीतली ही सर्वांत स्वस्त आणि मला सर्वांत जास्त झोप देणारी वस्तू.

खाण्याच्या बाबतीत माझं काही श्रेय नाही, तो विभाग आईंचा. लालबागच्या मसाला गल्लीतून मिरची आणून मसाला एप्रिलमध्येच करून झाला होता. कुरडया झाल्या, तांदळाचे पापड झाले. सांडगे आणि सुके बोंबील मेच्या शेवटच्या आठवड्यावर ठेवले होते. २६ मेला मुंबईत मान्सून दाखल! १९५० पासूनच्या नोंदींत एवढा लवकर कधीच आला नव्हता. वरळीच्या नव्याकोऱ्या भुयारी मेट्रो स्टेशनात पाणी शिरलं, आणि आमच्या गच्चीवर सांडगे भिजले. अर्धे ओलसर राहिलेले बोंबील ठेवण्यात अर्थ नव्हता, ते त्याच आठवड्यात खाऊन संपवले. आता आईंनी फर्मान काढलंय की पुढच्या वर्षी वाळवण एप्रिलअखेर आटोपायचं.

तांदूळ, डाळी आम्ही दीड महिन्याच्या ठेवतो, त्याहून जास्त नाही. जुलैच्या दमट हवेत कडुलिंबाचा पाला घाला, डाळींना एरंडेल चोळा, तरी टोके होतातच. नवा माल मागे, जुना पुढे, एवढी एक शिस्त पुरते. रवा आणला की लगेच भाजायचा. गहू भरपूर आणि पीठ थोडं ही जुनी रीत मात्र मला पटेनाशी झाली आहे. लाइट गेली की गिरणी बंद. १९ आणि २० ऑगस्टला खाली गिरणीचं शटर उघडलंच नाही, घरात पोत्यात गहू आणि डब्यात पोळ्यांपुरतंही पीठ नाही. मेतकूट-भात, सुकटीची चटणी, पोहे यांवर निभावलं आणि खरं तर मजेत निभावलं. तरी आता पावसाळ्यात पिठाचा एक जादा डबा असतो.

आमच्याकडे पाइपचा गॅस आहे, त्याला वीज लागत नाही, म्हणून पुरात स्वयंपाक अडला नाही. शेजारच्या गल्लीत खोदकामात पाइप फुटला तेव्हा मात्र संध्याकाळपर्यंत शेगडी थंड होती, तेव्हा इंडक्शनने हात दिला. लक्षात ठेवण्यासारखं इतकंच की आपला जुना अॅल्युमिनियमचा कुकर त्याच्यावर चालत नाही, आणि त्याला जाड पिनेचा सोळा अँपिअरचा पॉइंट असलेला बरा. गॅसचा वास आला तर पाइपगॅस कंपनीचा आपत्कालीन नंबर (१९०६ हा सिलिंडरच्या गॅससाठी), पालिकेची आपत्कालीन मदत १९१६. दोन्ही नंबर फ्रिजवर मोठ्या अक्षरांत चिकटवले आहेत. त्यांच्या शेजारी साडेचार मीटरच्या वरच्या भरतीच्या दिवसांची यादी, ती पालिका दरवर्षी जाहीर करते. त्या तारखांना जोराचा पाऊस असेल तर नवरा ऑफिसातून लवकर निघतो. फुकट मिळणाऱ्या वस्तूंत हिला पहिला नंबर.

ट्रान्झिस्टर चांगला, पण सेल आत ठेवून विसरलात तर पावसाळ्यात पाझरून आतली पट्टी हिरवी होते. सेल बाहेर, रबरबँडने बांधून. सुटे पैसे हजार-दीड हजाराचे. नेटवर्क नसताना दूधवाला यूपीआयचं काय करणार? कागदपत्रं डिजिलॉकरमध्ये आहेत, तरी रेशनकार्ड आणि घराचे कागद झिपच्या पिशवीत, दाराजवळच्या खणात. दोन किलोचा एबीसी पावडरचा (लाकूड-कापड, तेल आणि गॅस अशा तिन्ही आगींना चालणारा) अग्निशामक स्वयंपाकघरात नाही, बाहेर पडायच्या दाराशी लावलाय. शेगडीच पेटली तर शेगडीमागे हात घालून तो काढणार कोण? काटा हिरव्यात आहे ना हे बघायचं आणि महिन्यातून एकदा उलटासुलटा करायचा, नाहीतर पावडर तळाशी घट्ट बसते. कढईतल्या तेलाने पेट घेतला तर गॅस बंद आणि वर झाकण, पाणी अजिबात नाही.

आणि पाणी. मुंबईची गंमत अशी की ते एकतर रस्त्यावर असतं नाहीतर नळाला नसतं. २०२४ मध्ये तलाव आटले म्हणून ३० मेपासून पाच टक्के आणि ५ जूनपासून दहा टक्के कपात होती. कपात नसली तरी जलवाहिनीच्या कामासाठी अख्खा दिवस पाणी बंद असल्याची नोटीस येत राहते. म्हणून दोनशे लिटरचा निळा ड्रम घेतला, तोटी असलेला. तो बाथरूममध्ये जमिनीवरच आहे. पोटमाळ्यावर ठेवायची सूचना नवऱ्याची होती. दोनशे लिटर म्हणजे दोनशे किलो, हे ऐकल्यावर मागे घेतली.

ड्रमचा खरा त्रास डासांचा. डेंग्यूचा डास स्वच्छ साठलेल्या पाण्यातच अंडी घालतो आणि आठ-दहा दिवसांत त्याचा डास होतो, म्हणून आठवड्यातून एकदा ड्रम रिकामा करून, कडा घासून, कोरडा करावा लागतो. पालिकेचा कीटकनाशक विभागाचा माणूस येऊन टॉर्च मारून बघतो, अळ्या सापडल्या तर नोटीस. आम्ही शनिवारी ड्रमचं पाणी धुणं, लादी, संडास यांना संपवतो आणि रविवारी नवं भरतो. झाकणाखाली जुन्या धोतराचं फडकं दोरीने आवळलेलं. हे काम कंटाळवाणं आहे, पण त्यामुळेच ड्रममध्ये कधीही शिळं पाणी नसतं.

पिण्याचं पाणी वेगळं, वीस लिटरचे दोन जार. आमचं आरओ मशीन बिघडलं तेव्हा दुरुस्त केलं नाही. तलावांचं पाणी मुळात क्षारांनी हलकं, त्याला आरओ लागत नाही, शिवाय ते बरंच पाणी मोरीत सोडतं आणि विजेशिवाय चालत नाही. कँडलचा स्टीलचा फिल्टर आणला. पावसाळ्यात उकळून, गाळून. क्लोरीनच्या गोळ्यांची पट्टी आहे, पाकिटावर लिहिल्याप्रमाणे टाकून अर्धा तास थांबायचं. वास येतो, मुलगी तोंड वाकडं करते.

एवढं करूनही एक गोष्ट घरात बसून सुटत नाही. इमारतीचं पाणी जमिनीखालच्या टाकीतून पंपाने गच्चीवर जातं. लाइट गेली की पंप बंद, पण वरच्या टाकीत आहे तोवर नळ चालतात. ऑगस्टमध्ये रस्त्यावरचं पाणी जमिनीखालच्या टाकीच्या झाकणापर्यंत आलं होतं. ते आत शिरलं असतं आणि लाइट आल्यावर कोणी पंप चालू केला असता, तर गटाराचं पाणी पाच मजल्यांच्या नळांत गेलं असतं. तेव्हा पहिल्या मजल्यावरच्या काकांनी पंपाच्या खोलीला कुलूप लावलं आणि टाकी उघडून पाहिल्याशिवाय किल्ली दिली नाही. टाकीचं तोंड दीड फूट उंच बांधून घ्यायचा विषय सोसायटीच्या जानेवारीच्या सभेत आहे. दोन कंत्राटदारांचे दर आलेत. तळमजल्यावाल्यांचं म्हणणं, कठड्यामुळे त्यांच्या स्कूटर लावायची जागा जाईल.