घरगुती योनी-पीएच चाचणीपट्टी: मोजमाप ठीक, दावा अवाजवी

योनीमार्गातील बुरशी संसर्गाचा त्रास ज्यांना वरचेवर होतो, त्यांना प्रत्येक खेपेस डॉक्टरांसमोर तीच तक्रार सांगण्याचा संकोच वाटतो, आणि घरच्या घरी करता येणाऱ्या पीएच (आम्लता दाखवणारा आकडा; आम्लता कमी तितका तो जास्त) चाचणीसंचांचा खप बऱ्याच अंशी याच संकोचावर चालतो. मी वापरलेल्या संचाच्या वेष्टनावर 'यीस्ट इन्फेक्शन घरीच ओळखा' असे ठळक अक्षरांत छापलेले आहे. या परीक्षणाचा रोख मुख्यतः त्या एका वाक्यावर आहे.

वापरण्याच्या दृष्टीने संच सोयीचा आहे. दांडीच्या टोकाला बसवलेला कागद योनीच्या भिंतीला काही सेकंद टेकवायचा आणि त्याचा बदललेला रंग सोबतच्या रंगपट्टीशी ताडून पाहायचा, एवढेच काम असते. आम्लता पुरेशी असेल तर कागद पिवळा राहतो, ती कमी झाली की हिरवट होत जातो. अडचण येते ती ४.५ च्या आसपास, कारण तिथला पिवळा आणि त्यापुढचा फिकट हिरवा यांतला फरक पिवळसर दिव्याखाली मुळीच उमगत नाही. दिवसाच्या उजेडात मात्र तो स्पष्ट दिसतो. पाळीचे रक्त किंवा वीर्य यांमुळे आकडा वाढतो आणि रजोनिवृत्तीनंतर तो एरवीही चढाच असतो, ही सूचना माहितीपत्रकात आहे, पण इतक्या बारीक टाइपात की ती वाचली जाऊ नये अशीच इच्छा असावी.

खरा आक्षेप यापुढचा आहे. निरोगी प्रजननक्षम वयात योनीचा पीएच साधारण ३.८ ते ४.५ असतो, कारण तिथले लॅक्टोबॅसिलस जिवाणू लॅक्टिक आम्ल तयार करत असतात. बॅक्टेरियल व्हजायनोसिस या जिवाणूंच्या असंतुलनातून होणाऱ्या त्रासात हे जिवाणू घटतात आणि पीएच ४.५ च्या वर जातो. कॅन्डिडाच्या, म्हणजे यीस्ट बुरशीच्या, संसर्गात मात्र पीएच बहुधा नेहमीसारखाच राहतो. म्हणजे असह्य खाज, जळजळ आणि दह्यासारखा घट्ट स्राव असतानाही कागद पिवळा दिसू शकतो, आणि काहीही त्रास नसतानाही तो तसाच पिवळा असतो. जी गोष्ट ही पट्टी मोजतच नाही, ती ओळखण्याचे श्रेय वेष्टन तिला देते. याच कंपनीने संचासोबत पुढे केलेले 'पीएच संतुलित' धावनही (योनी आतून धुण्याचे द्रावण) त्याच न्यायाने बुरशीवर निरुपयोगी ठरते. योनी आतून धुण्याची गरज नसतेच, उलट तसे केल्याने तिथल्या जिवाणूंचे संतुलन बिघडते.

एका मर्यादित कामासाठी मात्र मी ही पट्टी जवळ ठेवीन. आकडा चढा आला तर बुरशीचे मलम आणण्यापूर्वी थांबावे आणि तपासणी करून घ्यावी, एवढा इशारा ती देते, आणि तो किरकोळ नाही. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, स्वतःच निदान करून दुकानातून बुरशीविरोधी औषध घेणाऱ्या ९५ स्त्रियांची तपासणी केली असता, केवळ बुरशीचाच संसर्ग जेमतेम एकतृतीयांश जणींना निघाला.

ज्यांचा त्रास वर्षभरात तीन किंवा अधिक वेळा उलटला आहे, त्यांनी मात्र हे पैसे स्रावाच्या कल्चर तपासणीवर (प्रयोगशाळेत बुरशी वाढवून तिचा प्रकार ओळखणे) खर्च करावेत. नेहमीची कॅन्डिडा अल्बिकन्स आणि तुलनेने कमी आढळणारी ग्लाब्राटा यांतला भेद कोणताही रंगीत कागद दाखवू शकत नाही, आणि उपचार तर त्यावरच ठरतात. ग्लाब्राटा फ्लुकोनाझोल या बुरशीविरोधी औषधाला पुरेशी दाद देत नाही. अल्बिकन्ससाठी डॉक्टर आधी संसर्ग आटोक्यात आणून मग सहा महिने आठवड्यातून एकदा फ्लुकोनाझोल देतात. २००४ च्या एका मोठ्या चाचणीत असे औषध घेणाऱ्या सुमारे ९१ टक्के स्त्रिया त्या सहा महिन्यांअखेर त्रासमुक्त होत्या, तर औषधाविना राहिलेल्यांत हे प्रमाण सुमारे ३६ टक्के होते. औषध थांबवून आणखी सहा महिने गेल्यावर मात्र पहिल्या गटातला आकडाही ४३ टक्क्यांवर उतरला. गरोदरपणात हे औषध पोटातून घेणे टाळले जाते, त्यामुळे ते परस्पर सुरू करण्यासारखे नाही.

वेष्टनावरील ते वाक्य काढून 'पीएच वाढला आहे का ते पाहा' असे छापले, तर या संचाविषयी माझी तक्रार केवळ बारीक टाइपापुरती उरेल.