आईसाठी घेतलेले सुती मोजे

ठाण्यात राम मारुती रोडवरच्या दुकानातून आईसाठी सुती मोज्यांचे तीन जोड घेतले, १८० रुपयांना. तिला मधुमेह आहे, टाचांना भेगा. मागच्या खेपेला विमानतळावर तपासणीत चपला काढायला लावल्या, आणि नुकत्याच पुसलेल्या ओल्या लादीवर ती अनवाणी उभी. माझा जीव वरखाली होत होता. ओल्या जमिनीवरून पायाची बुरशी पसरते, भेगेतून जंतू शिरले तर मधुमेहात जखम लवकर भरत नाही. अमेरिकेने २००६ पासूनची बूट काढायची सक्ती २०२५ मध्ये उठवली. आपल्याकडे यंत्र वाजलं की काढायला लावू शकतात.

यावेळी मोजे घालून गेली. नंतर काढले तर तळवे काळेकुट्ट! रबर सैल आहे, पोटरीवर वळ उठत नाही, हे फार बरं. कापड मात्र पातळ, ओल झिरपते. दुसरा जोड पर्समध्ये ठेवाच.