सॅटिन पोथॉस आणि काथ्याचा खांब: पडवीतला दीड वर्षाचा अनुभव

वेलाला पैकीच्या पैकी गुण, खांब काठावर पास आणि नर्सरीतली माती नापास.

मागच्या वर्षी जानेवारीत चिपळूणहून गुहागरला परतताना रस्त्याकडेच्या एका नर्सरीत थांबले. २८० रुपयांना सॅटिन पोथॉस घेतला आणि २२० रुपयांना तीन फुटी काथ्याचा खांब. तिथे त्याला ‘चंदेरी मनीप्लांट’ म्हणत होते, पण हा मनीप्लांट नव्हे. याचं नाव सिंडॅप्सस पिक्टस, मूळ आग्नेय आशियातल्या जंगलांतलं. कूळ मात्र आपल्या अळवाचं आणि सुरणाचं. म्हणून चीक हाताला लागला की खाज सुटते आणि पान चघळलं तर मांजराचं तोंड चुरचुरतं. आमच्याकडे दोन मांजरं आहेत, त्यामुळे कुंडी पहिल्यापासून उंचावर आहे.

माझा ‘एक्झॉटिका’ जातीचा आहे. पान तळहाताएवढं, जाड, हात फिरवला की मखमलीसारखं लागतं आणि त्यावर रुपेरी फराटे. ‘अर्जिरियस’ जातीची पानं लहान, ठिपकेही बारीक. या चंदेरीत रंगद्रव्य असं काही नसतं. पानाच्या वरच्या पापुद्र्याखाली हवेच्या सूक्ष्म पोकळ्या असतात आणि त्यांच्यावरून उजेड परततो. संध्याकाळी पडवीतला दिवा लावला की तेच पान दुपारपेक्षा वेगळं दिसतं. मी रोज दिवा लावते तेव्हा एकदा तिकडे नजर जातेच.

आता खांबाची तक्रार. वरून काथ्या दिसतो, पण आत पोकळ प्लॅस्टिकची नळी आणि तिच्यावर काथ्याचा जेमतेम बोटाच्या पेराएवढा थर. सकाळी भिजवला की दुपारी कोरडा. वेलाच्या पेरांतून हवेत येणारी मुळं ओल शोधत असतात. कोरड्या खांबाला ती धरतच नाहीत. तीन महिने वेल खांबाला नुसता टेकून उभा होता आणि नवी पानं आधीच्या पानांपेक्षा लहान येत होती.

सासूबाईंनी एकदा बघितलं आणि म्हणाल्या, “अगो, मिरवेल पोफळीवर चढवतो तशी पेराला पेर लावून बांध ना. सुटी सोडलीस तर ती कशी धरेल?” वाडीत त्यांनी मिरीचे कितीतरी वेल असेच चढवलेत. त्यांनीच केळीचं सोपट भिजवून दोऱ्या काढून दिल्या. सोपट नरम असतं, देठाला काचत नाही आणि मुळं धरेपर्यंत आपोआप कुजून जातं. नर्सरीत याच कामासाठी प्लॅस्टिकच्या क्लिपा मिळतात. त्यांची गरज नाही.

खांबही आम्ही पुन्हा बांधला. नळीवर नारळाच्या सोडणांचा दोन बोटं जाड थर दिला आणि वरून सुंभ गुंडाळला. सोडण आणि काथ्या आधी दोन दिवस गोड्या पाण्यात भिजवून पाणी तीनदा बदलायचं. पहिलं पाणी चहासारखं लाल निघतं. काथ्यात मीठही असतं, ते असं धुतल्याशिवाय जात नाही. हे मला उशिरा कळलं, कारण मे महिन्यात पानांची टोकं करपली तेव्हा मी उन्हाला दोष देत होते. खरं कारण पाणी होतं. आमची विहीर समुद्रापासून फार लांब नाही, एप्रिल संपला की ती मचूळ होते. आता पावसाळ्यात पागोळ्यांखाली पिंप लावून ठेवते आणि ते पाणी झाकून उन्हाळ्यापर्यंत फक्त या वेलासाठी पुरवते. यंदा एकही टोक करपलं नाही.

नर्सरीतली माती तांबडी, चिकट, घट्ट होती. जुलैच्या दमट हवेत ती आठ-आठ दिवस ओलीच राहिली आणि खालची तीन पानं पिवळी पडून गळली. कुंडी उपडी केली तेव्हा तळाची मुळं काळी, मऊ झालेली होती. ती कापून टाकली आणि कोकोपीट, शेणखत, चिऱ्याचे बारीक तुकडे नि थोडा कोळसा अशा मिश्रणात पुन्हा लावला. पावसाळ्यात बारा-चौदा दिवसांनी पाणी देते, तेही बोट खुपसून बघून. हवेतली ओल आपल्याकडे फुकट आहे, त्यासाठी यंत्र वगैरे घेऊ नका. तहान लागली की पान स्वतःच आत वळतं. पाणी घातलं की पुन्हा सपाट होतं.

जागा तीनदा बदलली. माजघरात उजेड कमी, तिथे दोन पानांमधलं अंतर वाढत गेलं आणि वेल लुकडा झाला. अंगणाच्या कडेला दुपारचं ऊन थेट आलं आणि चार दिवसांत पानं फिकट पडली. आता पडवीच्या पूर्वेच्या खिडकीपासून हातभर आत आहे, सकाळचं कोवळं ऊन झिरपत येतं. मागे चुन्याची पांढरी भिंत होती तेव्हा चंदेरी रंग तिच्यात हरवत असे. जुन्या सागवानी दाराच्या काळपट फळीसमोर आणला तेव्हा प्रत्येक फराटा उठून दिसायला लागला. कुंडी आजेसासूबाईंच्या पितळी तपेल्यात ठेवली आहे. तपेल्याला भोक नाही, म्हणून पाणी घालताना प्लॅस्टिकची कुंडी बाहेर काढते आणि निथळली की परत ठेवते.

नणंदेला दोन फांद्या दिल्या. पेर पाण्यात बुडेल असं ठेवलं तर महिन्याभरात मुळं येतात. नुसतं पान ठेवू नका, पेराशिवाय त्यातून वेल होत नाही.

वेल जरूर घ्या, पण खांबाचे २२० रुपये वाचवा. वाडीत नारळ सोलले की सोडणं पडलेलीच असतात.