लांबलचक इंग्रजी शब्द तोडून वाचण्याची पद्धत : काही महिने वापरल्यानंतर

लांब इंग्रजी शब्द समोर आला की त्याचे अवयव, म्हणजे एका झटक्यात बोलले जाणारे तुकडे (सिलेबल), पाडायचे, जोर कुठे येतो ते शोधायचं आणि मगच तो मोठ्याने वाचायचा, हे मी गेले काही महिने करतेय. लागतात फक्त पेन्सिल आणि उच्चार ऐकवणारा शब्दकोश.

सगळ्यात जास्त उपयोग झाला तो शब्द शेवटाकडून बघण्याचा. शेवटी 'शन', 'इक', 'इटी', 'ग्रफी', 'लॉजी' यांपैकी काही असेल तर जोर बहुधा त्याच्या लगेच आधीच्या अवयवावर पडतो. 'फोटोग्राफ'मध्ये तो 'फो'वर आहे, 'फटॉग्रफी'त 'टॉ'वर सरकतो आणि 'फोटोग्रॅफिक'मध्ये 'ग्रॅ'वर जातो. ज्या अवयवावरचा जोर जातो, त्याचा स्वर बहुतेकदा पुसट होतो, म्हणून 'फो'चा 'फ' होतो. मराठीत आपण अक्षरांना जवळपास सारखंच वजन देतो, त्यामुळे ही गोष्ट कोणी दाखवल्याशिवाय कानाला जाणवतच नाही. अपवाद आहेतच : 'पॉलिटिक्स'मध्ये जोर पहिल्याच अवयवावर असतो. 'इंजिनिअर', 'व्हॉलंटिअर', 'जॅपनीज' यांत तर शेवटचा प्रत्ययच तो स्वतःकडे ओढून घेतो.

स्पेलिंगसाठी मात्र अवयव पुरत नाहीत, घटक, म्हणजे शब्दातले अर्थ असलेले तुकडे, बघावे लागतात. 'ग्रामर'च्या शेवटी ए की ई? उच्चारावरून कळत नाही, कारण तो स्वर पुसट आहे. 'ग्रमॅटिकल' म्हणून बघा, जोर तिथेच येतो आणि ए स्वच्छ ऐकू येतो. 'डेफिनिट'मधला आय असाच 'फायनाइट'मध्ये सापडतो. मला या पद्धतीतलं हे सर्वांत मोलाचं वाटतं, पाठांतर निम्म्याने तरी हलकं होतं.

अवयव आणि घटक एकाच जागी तुटतील असं धरून चालू नका. 'हेलिकॉप्टर' बोलताना हे-लि-कॉप्-टर असा तुटतो, पण मूळ ग्रीक घटक 'हेलिको' आणि 'प्टर', म्हणजे मळसूत्र आणि पंख. छापील शब्दकोशात शब्दाच्या मधे दिलेले ठिपकेही अनेकदा ओळीच्या शेवटी शब्द कुठे तोडावा एवढंच सांगतात. उच्चारासाठी जोराची उभी खूण बघावी, ती बहुतेक शब्दकोशांत जोराच्या अवयवाआधी येते.

लहान शब्दांवर ही मेहनत घेऊ नये, आणि 'रेकॉर्ड'सारख्या शब्दांत नाम की क्रियापद हे वाक्यावरूनच ठरवावं लागतं : नामात जोर पहिल्या अवयवावर, क्रियापदात दुसऱ्यावर. पाच-सहा अवयवांचे शास्त्रीय शब्द रोज वाचावे लागणाऱ्यांनी ही पद्धत नक्की धरावी.