काशानची दौत, प्लास्टरची

जुनी इराणी म्हणून फोटो पाहून घेतलेली दौत खोटी निघाली आणि १,७८,३५० रुपये गेले. दौतीचे १,७२,०००, कुरियरचे ६,३५०. आधी ५०,००० आगाऊ, बाकीचे विक्रेता 'दुसरं गिऱ्हाईक बसलंय' म्हणाल्यावर त्याच रात्री. ही युक्ती तुम्हा सगळ्यांना ठाऊक आहे, मलाही होती.

पर्शियन लस्टर, म्हणजे धातूची झळाळी चढवलेली इराणी भांडी, मला कळत नाहीत असं मात्र कोणी म्हणू नये. इराणातल्या काशान गावचं भांडं साध्या मातीचं नसतं. तिथल्याच कुंभार घराण्यातल्या अबुल कासिमने १३०१ साली प्रमाण लिहून ठेवलंय: दहा भाग गारेची पूड, एक भाग काचेची, एक भाग पांढरी माती. आधी झिलई, म्हणजे काचेसारखा लेप, भाजायची, तिच्यावर चांदी-तांब्याच्या मिश्रणाने नक्षी काढायची, मग दुसऱ्या भट्टीत धूर कोंडून मंद आच. धातू झिलईत मुरतो. अस्सल झळाळी बोळ्याने निघत नाही.

आणि तरीही! फोटोत डाव्या अंगाला तडा होता, आणि सोनेरी वेल त्या तड्यावरून अखंड गेलेली. भांडं नंतर तडकलं असतं तर वेलही तुटली असती. मी तो फोटो मोठा करून पाहिला आणि म्हणालो, 'काय हात आहे!'

वयाचा थर्मोल्युमिनेसन्स दाखला होता हो, म्हणजे माती शेवटची कधी भाजली ते सांगणाऱ्या चाचणीचा. पण नमुना बुडातून काढलेला, आणि बूड खरंच जुनं, कुठल्याशा फुटक्या वाडग्याचं. वरचं सगळं प्लास्टर ऑफ पॅरिस. खांद्याचाही नमुना मागा. घरी अ‍ॅसिटोनचा बोळा फिरवला तर सोनं कापसावर आलं. अतिनील टॉर्च अंधारात मारली की रंगवलेला भाग वेगळा चमकतो. टॉर्च आधी घ्या, दौत मग.

चौकीत म्हणाले, 'वस्तू मिळाली ना? मग फसवणूक कसली?' सायबरवाल्यांच्या मते दिवाणी बाब. बँक म्हणते ओटीपी तुम्हीच टाकलात. अर्जात हवालदारांनी 'शोभेची बाटली' लिहिलं. दौत म्हणजे काय हे मराठी माणसाला समजावताना माझा घसा बसला! तिसऱ्या खेपेला साहेब विचारतात, इतकी जुनी वस्तू, तर इराणातून बाहेर आल्याचे कागद कुठायत? म्हणजे खोटा माल घेतला, वर चोरही मीच. प्रश्न मात्र रास्त होता. तो मी विक्रेत्याला विचारायला हवा होता, आणि 'लंडनच्या घराण्यातली आहे' एवढ्यावर गप्प बसायला नको होतं.

पावतीवर शतक, गाव आणि दुरुस्ती किती, हे लिहून घ्या. माझ्या पावतीवर आहे 'पर्शियन धर्तीची सजावटीची वस्तू, नग १'.