'प्लेटाइम' : मोबाइलवर बघाल तर फसाल

झाक तातींचा हा 1967चा फ्रेंच विनोदी सिनेमा 70 मिलिमीटर, म्हणजे नेहमीच्या दुप्पट रुंद फिल्मवर चित्रित झालाय. क्लोजअप जवळपास नाहीतच. एकाच चौकटीत चार-पाच गमती एकदम चालू असतात आणि कुठे बघायचं ते कुणी सांगत नाही. त्यामुळे मोबाइलवर निम्मा विनोद दिसतच नाही. मोठा टीव्ही हवा, प्रोजेक्टर असेल तर उत्तमच.

आवाज नंतर स्वतंत्रपणे जोडलेला आहे आणि बरेचसे विनोद त्यातच आहेत. लांबलचक कॉरिडॉरमधून बुटांची टकटक येत राहते, माणूस काही पोचत नाही. खुर्चीची गादी दाबली की फुस्स करून पुन्हा फुगते. टीव्हीच्या स्पीकरवर हे बारीक आवाज दबतात, हेडफोन लावा. संवाद नावापुरते, सबटायटल बंद केलीत तरी चालेल.

पहिला तासभर संथ आहे, हे आधीच सांगितलेलं बरं. खरी मजा 'रॉयल गार्डन' रेस्टॉरंटमध्ये. रंगकाम पुरतं संपायच्या आतच उद्घाटन! काचेचं दार फुटतं, तर दरवान दाराची नुसती मूठ हवेत धरून गिऱ्हाइकांसाठी 'दार' उघडतो. एकाच माशावर एकामागून एक वेटर येऊन मसाला घालून जातात, मासा मात्र वाढला जात नाही. खुर्च्यांच्या पाठीवरचा मुकुट गिऱ्हाइकांच्या पाठीवर उमटतो. हा भाग दोनदा बघा. दुसऱ्यांदा नजर फक्त मागच्या टेबलांवर ठेवा.

या सिनेमाच्या सेटपायी ताती कर्जबाजारी झाले. पडद्यावर तो पैसा दिसतो.